मदत हवी आहे: विटांच्या रेल्वे पुलाला मधोमध झोल येतोय

गाडीवेडा: लेगोच्या विटांचा रेल्वे पूल करतोय. इंजिन मध्यावर आलं की पूल खाली झुकतो. काल तर तुटलाच, इंजिन फरशीवर आपटून पुढचं चाक निखळलं. विटांचे चार थर दिलेत, तरी तेच. रविवारी भाचा येतोय, त्याला शब्द दिलाय. काय चुकतंय? लवकर सांगा.

खटपट्या: लांबी किती? इंजिन बॅटरीचं की ढकलायचं? फोटो टाका.

गाडीवेडा: बॅटरीचं, सहा ट्रिपल-ए सेल. पूल नेहमीसारखाच, लांब.

खटपट्या: लांब म्हणजे किती? टेप लावा ना.

रत्नांग्रीकर: बांधायचा तर पानवलचा बांधा! रत्नागिरीजवळ, ४२४ मीटर लांब, सर्वांत उंच खांब ६४ मीटर. लेगोच्या रुळांमधलं अंतर साधारण ३८ मिमी आणि आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे प्रमाण १:४५ च्या आसपास. तुमचा खांब १.४ मीटर होईल, पूल साडेनऊ मीटर. गाडी त्यावर आली की मी अजूनही दारात जाऊन उभा राहतो.

सुलभामावशी: फेविक्विक लावून टाका. आमच्याकडचं विमान सहा वर्षं टिकलंय.

खटपट्या: मावशी, नको. पांढरे डाग पडतात आणि विटा पुन्हा सुटत नाहीत. विमान कपाटात उभं असतं, पुलावर दर फेरीला वजन येतं-जातं.

सुलभामावशी: बारीक थेंब टाकला तर डाग पडत नाहीत. मी केलंय म्हणून सांगतेय.

गाडीवेडा: मोजलं. ७६ सेंमी. दिवाणापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत. मधून आजी वॉकर घेऊन जाते, त्यामुळे खांब देता येत नाही.

खटपट्या: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं होतं!

गवंड्याचा_नातू: चारही थरांत एकाच मापाच्या विटा बरोबर एकावर एक ठेवल्यात का? मग सांधे एका रेषेत आलेत, तिथेच तुटणार. सांधेमोड करा. खालच्या विटेच्या मध्यावर वरचा सांधा यायला हवा. आजोबा भिंतीला हात लावण्याआधी सांधे बघायचे.

खटपट्या: सांधेमोड हवीच, पण ७६ सेंमीला तेवढी पुरणार नाही. वजन आलं की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि खालचे सांधे उघडतात. विटांवरच्या बटणांची पकड तिथे कमी पडते. दोन्ही बाजूंना लेगोच्याच टेक्निक प्रकारातल्या भोकांच्या पट्ट्या पिनांनी जोडून त्रिकोण करा. ६-८-१० चं माप घ्या, काटकोन नेमका बसतो. भोकं मोजताना एकेक जास्त धरायचं, म्हणजे ७, ९ आणि ११ भोकांच्या पट्ट्या. दोन भोकांत ८ मिमी, म्हणून ८ ची बाजू आडवी ठेवली की एक त्रिकोण ६४ मिमी. एका बाजूला बारा त्रिकोण बसले की तुमचे ७६ सेंमी झाले.

मिहिर_ठाणे: सेल चार्जिंगचे घ्या, पैसे वाचतात.

गाडीवेडा: नातू, तुमचं बरोबर निघालं, सगळे सांधे एका रेषेत होते. बदलले. इंजिन मध्ये थांबवून मोजपट्टी लावली, झोल १४ मिमीचा ६ वर आलाय. पण ७ भोकांच्या पट्ट्या पाचच आहेत.

खटपट्या: उभ्या पट्ट्या फक्त दोन टोकांना लावा, चार पुरतात. ११ च्या तिरक्या एक चढती, एक उतरती अशा नागमोडी लावत जा. पूल त्यांच्यावरच ताठ राहतो. ९ च्या पट्ट्यांचे सांधे वर आणि खाली एकाच ठिकाणी येऊ देऊ नका.

गाडीवेडा: ११ च्या सव्वीस आहेत. आज रात्रीच बसतो.