विषय: बाळंतिणीचा खुराक – अळीव, शतावरी की मेथी?

मंडळातील ज्येष्ठ भगिनींना सप्रेम नमस्कार,

माझी मुलगी आज ११ दिवसांची झाली. व्हिसा वेळेत न मिळाल्यामुळे आई किंवा सासूबाई, कोणीच येथे ब्रिटनमध्ये येऊ शकल्या नाहीत. फोनवर आई अळिवाचे लाडू सुचवते, सासूबाई शतावरी कल्पाचा आग्रह धरतात आणि येथील दुकानात मेथीच्या कॅप्सूल दिसतात. बाळ संध्याकाळी सारखे रडते, त्यामुळे दूध पुरत नसावे अशी धास्ती वाटते. नेमके काय घ्यावे, हे कृपया कळवावे.
– एक नवी सभासद

उत्तर:

वयाने मोठी असल्यामुळे एकेरीत लिहिते. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नकोस. चोवीस तासांत निदान ६ नॅपी चांगल्या ओल्या होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. स्तन जितके वारंवार रिकामे होतील तितके दूध तयार होते. म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे आणि रात्रीचे पाजणे टाळू नये. बाळ स्तन नीट तोंडात धरते का, हे मिडवाइफला समोर बसून पाहायला सांग.

अळिवाने दूध वाढते याचा पक्का पुरावा नाही, तरीही लाडू जरूर खा. बाळंतपणात रक्त गेलेल्या आणि बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने जेवणाऱ्या बाईला त्याच्यासारखा पोटभरीचा खाऊ नाही. अर्धी वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवून, फुलल्यावर दोन वाट्या ओले खोबरे (येथे गोठवलेले मिळते) आणि दीड वाटी गूळ घालून मंद आचेवर आटवावे. लाडू फ्रीजमध्येच ठेवावेत.

कल्पात साखरच अधिक असते. अनोळखी उत्पादकाची औषधे ऑनलाइन मागवू नकोस: २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. भाजीतली मेथी खुशाल खा; कॅप्सूल मात्र मधुमेह, शेंगदाण्याची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारी गोळी असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पुन्हा उत्तर:

मावशी, मनापासून आभार. काल ८ नॅपी ओल्या झाल्या. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, हे लिहायचे राहिले होते.

उत्तर:

बरे झाले सांगितलेस. गोळी बंद करू नकोस, ती स्तनपानात चालते. पण बाळंतपणानंतर मात्रा बदलावी लागते आणि थायरॉइड कमी पडल्यास दूधही कमी येऊ शकते, म्हणून रक्त कधी तपासायचे हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचार. लोहाची गोळी घेत असशील, तर दोन्हींत ४ तासांचे अंतर ठेव. मेथीच्या कॅप्सूल तुला नकोतच. पत्ता कळव, शनिवारी लाडू घेऊन येते.