अ‍ॅफिडेव्हिट भरलं म्हणजे झालं? तपासतं कोण?

हिशोबी_बाई: काल इथे एका महाशयांनी लिहिलं की घटस्फोटात पोटगी मागितली की आता दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, लपवायला जागाच कुठे, बायकांची उगाच रडगाणी. अहो, ते बंधन घालणारा 'रजनेश विरुद्ध नेहा' निकाल मलाही माहितीये, नोव्हेंबर २०२०, सुप्रीम कोर्ट, आणि केस निघाली आपल्याच नागपूरच्या फॅमिली कोर्टातून. पण तपासतं कोण? आमच्या साहेबांनी 'आईवडिलांचा खर्च २५ हजार' लिहिलं. मी बँक स्टेटमेंट जेवणाच्या टेबलावर पसरून पिवळा हायलायटर घेऊन बसले, तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी २५ हजार सासूबाईंना आणि तिसऱ्या दिवशी २० परत, 'हातउसने' म्हणून, दर महिन्याला! वकिलांनी पानसुद्धा उलटलं नव्हतं.

मुकाट_नवरा: आईला पैसे देणं पण गुन्हा का आता? माझी बायको घरी २२ पोरांच्या शिकवण्या घेते, फी सगळी तिच्या भावाच्या गुगल पे वर, आणि कागदावर 'गृहिणी, उत्पन्न निरंक'. त्याला लावा की हायलायटर.

सीए_बिनकामाचा: एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं वार्षिक माहितीपत्रक, हजर करायला लावा. व्याज, डिव्हिडंड, म्युच्युअल फंड सगळं दिसतं त्यात. समोरच्याचं तुम्हाला उघडता येत नाही, कोर्टात अर्ज द्यावा लागतो. आणि खरी गंमत शेतीत. करमुक्त असल्यामुळे रिटर्नमध्ये बाग सोन्याची आणि पोटगीच्या वेळी तीच बाग जळालेली, वर्ष तेच.

बागायतदार_निफाड: आली का गाडी शेतकऱ्यावर! द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस लागला की डावणी हा बुरशीरोग येतो, घड गळतात, औषधाची उधारी बोकांडी, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्यात एकट्याचं उत्पन्न काय कप्पाळ लिहायचं?

सीए_बिनकामाचा: त्यासाठीच निकालात शेतीवाल्यांचा नमुना वेगळा दिलाय, वाचा जरा. आणि चार भावांच्या त्याच बागेवर पीककर्ज घेताना बरं सगळं क्षेत्र आठवतं.

बागायतदार_निफाड: एसीत बसून बोलायला काय जातं. व्यापारी माल उचलून पळाला तेव्हा माझा भाऊ दोन महिने झोपला नव्हता, आणि वहिनीचा वकील म्हणे माल विकलाच होता ना, मग पैसे दाखवा!

चहाटळ: धागा घटस्फोटाचा होता ना? फवारणीचं वेळापत्रक पण टाका मग.

काळाकोट: खोट्या अ‍ॅफिडेव्हिटवर चौकशीसाठी जुन्या सीआरपीसीच्या कलम ३४० चा अर्ज करता येतो, आता नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, बीएनएसएसमध्ये, ३७९. मी केलेत. उत्तर ठरलेलं, 'मुख्य निकालाच्या वेळी बघू.' आणि हिशोबी बाई, पान उलटलं नाही म्हणता, तुमच्यासारखे साठ पक्षकार असतात हो आम्हाला.

हिशोबी_बाई: फी पण साठ जणांत वाटून घ्या मग.

बागायतदार_निफाड: बरं ऐका, सातबाऱ्याशी झटू नका. व्यापाऱ्याची हिशोबपट्टी मागा, गाडीनिहाय वजन आणि दर असतो, तिथे लपत नाही. झालं समाधान? आता भावकीत शिव्या मी खाणार.

हिशोबी_बाई: मुकाटराव, मेव्हण्याचं स्टेटमेंट कोर्टातर्फे मागवा. हायलायटर माझ्याकडून.

मुकाट_नवरा: पिवळा नको. तारखा मोजून डोळे आधीच पिवळे झालेत.