अभियांत्रिकीतली विविधता कुठे मोजावी : प्रवेशाच्या यादीत की पदवीच्या?

मूळ मांडणी

अभियांत्रिकी शिक्षणातील विविधतेची चर्चा बहुतेक वेळा प्रवेशाच्या आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पहिल्या वर्षाला किती मुली आल्या, अल्पसंख्य समाजांतले किती विद्यार्थी आले, घराण्यात प्रथमच विद्यापीठात पाऊल ठेवणारे किती आहेत, हे अहवालात ठळक छापले जाते. त्यांतले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले हे मात्र शोधून काढावे लागते. माझे म्हणणे असे, की ही गळती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या कुवतीमुळे होत नसून पहिल्या दोन वर्षांच्या रचनेमुळे होते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) राहिले की भौतिकशास्त्र अडते, ते अडले की यामिकी (मेकॅनिक्स) अडते, आणि एका विषयातल्या अपयशाची किंमत अख्ख्या वर्षाने चुकवावी लागते; ज्याच्यापाशी पैशाचे किंवा घरच्या माहितीचे पाठबळ नाही, तो साहजिकच आधी बाहेर पडतो.

एलेन सीमोर आणि नॅन्सी ह्युइट यांनी अमेरिकेतील विज्ञान व अभियांत्रिकी सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही गटांच्या क्षमतेत मोठा फरक नव्हता, आणि अध्यापन निकृष्ट असल्याची तक्रार टिकून राहिलेल्यांपैकीही बहुतेकांनी केली होती. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले, की निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासाचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना तासातच काम करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. असे असताना प्रत्येक गळतीला ‘पात्रता नव्हती’ असे म्हणून मोकळे होणे हा मला आळस वाटतो.

प्रतिसाद १

अध्यापनावरची टीका रास्त आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पहिली गोष्ट म्हणजे अभियांत्रिकी ही विशेष गळकी शाखा आहे, हा समजच तपासून घ्यावा. मॅथ्यू ओलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची आकडेवारी पाहून दाखवले, की अभियांत्रिकीचे विद्यार्थी इतर शाखांच्या तुलनेत कमी टिकत नाहीत. वेगळेपण आहे ते दुसऱ्या शाखेतून इकडे जवळजवळ कोणी येत नाही, यात. म्हणजे आपण दाराबाहेर जाणारे मोजत बसलो आहोत, आणि आत यायला दुसरे दारच ठेवलेले नाही.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. टिकवणुकीची टक्केवारी हा विभागाच्या मूल्यमापनाचा निकष झाला, की ती वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग उत्तरपत्रिकेतून जातो. शिवाय अठराव्या वर्षी निवडलेली शाखा विसाव्या वर्षी आपली नाही हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने ती सोडणे हे शहाणपणाचेही असू शकते.

प्रतिसाद २

गुणदानात ढिलाई आणि विद्यार्थ्याला आधार, या दोन गोष्टी वरच्या प्रतिसादात एकाच पारड्यात पडल्या आहेत. गणिताचे अध्यापक युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जे केले ते नेमके उलट होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राचा अभ्यास एकेकट्याने करतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासतात, असे त्यांना आढळले. त्यांनी उजळणीचे सोपे वर्ग न काढता नेहमीपेक्षा अवघड गणितांची गटकार्यशाळा सुरू केली आणि निकाल लक्षणीय सुधारले.

मला मात्र त्याहून बोलके वाटते ते शेरिल सॉर्बी यांचे मिशिगन टेक या अमेरिकी विद्यापीठातील काम. वस्तू मनात फिरवून पाहण्याच्या कौशल्याची चाचणी नव्या विद्यार्थ्यांना देऊन, तीत मागे पडणाऱ्यांसाठी त्यांनी १९९३ पासून छोटा अभ्यासक्रम चालवला. मागे पडणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अधिक होते, पण वर्ग मुलींचा म्हणून काढलेला नव्हता. चाचणीत जो मागे, त्याच्यासाठी तो होता. या कौशल्याला उपजत देणगी मानणाऱ्यांनी ते काही आठवड्यांत शिकवता येते, याची नोंद घ्यावी.

प्रतिसाद ३

या उदाहरणांतली एक अडचण कोणी बोलून दाखवली नाही. असे उपक्रम लहान असतात, तिथे स्वेच्छेने येणारे विद्यार्थी मुळातच अधिक जिद्दीचे असतात, आणि चालवणारी व्यक्ती गेली की पुष्कळदा उपक्रमही जातो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील १५० विद्यार्थिनींवरचा २०१७ चा प्रयोग या आक्षेपातून बराचसा सुटतो, कारण तिथे मार्गदर्शक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले होते. ज्यांना वरच्या वर्गातली विद्यार्थिनी मार्गदर्शक मिळाली, त्या पहिल्या वर्षअखेर सगळ्या टिकल्या. नवल म्हणजे त्यांचे गुण इतरांहून वाढले नव्हते. टिकली ती आपण इथल्याच आहोत ही भावना. तरीही १५० जणींवरून सर्व विद्यापीठांचे धोरण ठरवावे, असे मी म्हणणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

शेवटचा मुद्दा प्रतिसाद १ च्या मांडणीला छेद देतो, असे मला वाटते. गुण तेवढेच असताना एक विद्यार्थिनी राहते आणि दुसरी जाते, तर गळती ही गुणवत्तेची गाळणी आहे हे म्हणणे टिकत नाही. उपक्रम लहान राहतात हे मात्र खरे. म्हणून माझा भर वर्गावर आहे, कारण तिथे सगळेच बसतात. २०२० च्या एका विश्लेषणात कृतिप्रधान अध्यापनामुळे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांची उत्तीर्णतेतली पिछाडी ४५ टक्क्यांनी घटलेली दिसली. पण तासाचा बराच भाग खरोखर कामात गेला तेव्हाच. अधूनमधून हात वर करायला लावण्याने काही साधत नाही.

उत्तरपत्रिकेची भीती मला मान्य आहे. तिच्यावर उपाय म्हणजे पहिल्या वर्षाच्या सामाईक परीक्षा शिकवणाऱ्याने तपासू नयेत, आणि सोडून जाणाऱ्याचे गुण व कारण दोन्ही नोंदवून गटवार जाहीर करावे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

परीक्षक वेगळा असण्याला माझी संमती आहे. गटवार जाहीर करण्याला नाही. ज्या वर्गात एखाद्या समाजाचे तीनच विद्यार्थी आहेत, तिथे ‘गट’ म्हणजे ती तीन माणसेच होत. अनेक वर्षांची बेरीज करून आकडे द्यावेत, आणि त्याच तक्त्यात बाहेरून आत आलेल्यांचा रकानाही असावा.