मदत हवी आहे: ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात घरची बिअर थंड कशी आंबवावी?

नमस्कार मंडळी. मी मूळची नागपूरची, आता ह्यूस्टनला असते. दोन वर्षांपासून घरी बिअर करतेय. जानेवारीतली पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) फार सुरेख झाली होती. जूनमध्ये तेच माल्ट, तेच यूएस-०५ यीस्ट, तीच १९ लिटरची बॅच, तरी बिअर घशाला जळजळते आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारते. खूप वाईट वाटलं.

घरात एसी २५ वर असतो. पण दुसऱ्या दिवशी बिअर आंबवायच्या बादलीवरची तापमानाची पट्टी २९ दाखवत होती! यीस्ट जोरात काम करतं तेव्हा स्वतःच उष्णता सोडतं, हे तेव्हा कळलं.

मग बादली पाण्याच्या टबात ठेवली, ओला टीशर्ट गुंडाळला, पंखा लावला. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ गार होतो तसं होईल असं वाटलं होतं, पण इथली हवा मुंबईसारखी दमट. जेमतेम एक अंश उतरला. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की १९ वर येतं, ऑफिसातून परत येईपर्यंत पुन्हा २४.

आता जुना चेस्ट फ्रीझर आणि ठरवलेल्या तापमानाला तो चालू-बंद करणारा कंट्रोलर घ्यायचा विचार आहे. सेन्सर फ्रीझरच्या हवेत सोडू की बादलीला चिकटवू? आणि दोन आठवडे थंडच ठेवायचं का?

प्रतिसाद:
बादलीलाच चिकटवा, बिअरच्या पातळीखाली, वरून टॉवेलची जाड घडी बांधा. हवेत सोडलात तर हवा १८ आणि आतली बिअर २२, असं होतं. कंप्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून कंट्रोलरवर एक अंशाची सूट ठेवा.

पहिले तीन-चार दिवस १८-१९ सोडू नका, चव तिथेच बिघडते. जोर ओसरला की २१ पर्यंत चढू द्या; यीस्ट उरलेलं काम नीट संपवतं.

एक विचारतो, यीस्ट टाकताना वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी, ज्याची बिअर होते) किती गार असतं? उन्हाळ्यात तिथलं नळाचं पाणीच कोमट, त्यावर चिलर (नळाच्या पाण्याने वर्ट गार करणारं साधन) चालवून १८ गाठता येणार नाही.

धागाकर्ती:
२८ ला टाकत होते! याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

प्रतिसाद:
मग बादली झाकून रात्रभर फ्रीझरमध्ये १८ वर ठेवा, यीस्ट सकाळी टाका. स्वच्छता चोख असेल तर एवढ्या उशिराने काही बिघडत नाही.