मदत हवी आहे (कोरोनाकाळात, शाळा बंद असताना लिहिलेलं): एकच फोन, तोही रात्री घरी येणार. चौथीचा अभ्यास कसा चालवावा?

सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या चौथीला शिकवते. कोरोनामुळे मार्च २०२० पासून वर्ग बंद आहे. बहुतेक वडील यंत्रमागावर असतात, फोन त्यांच्या खिशात. आया घरी बिड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात; मराठी वाचता येणाऱ्या मोजक्याच.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'दीक्षा' या सरकारी अभ्यासाच्या ॲपच्या लिंक पाठवल्या, पण वडील रात्री फोन घेऊन येईपर्यंत मुलं झोपलेली असतात. सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांना आवडते, बाकीच्यांचं काय? गल्लीत मुलं एकत्र बसवायला सध्या परवानगी नाही. झेरॉक्सचा खर्च आम्ही शिक्षकच करतो, त्यामुळे एका मुलामागे आठवड्याला दोन-तीन पानंच जमतील. फोन किंवा रिचार्ज देणारे सुचवू नका, ते प्रयत्न वेगळे चालू आहेत.

पोषण आहाराचा कोरडा तांदूळ-डाळ न्यायला पालक शाळेत येतात, तेवढीच खात्रीची भेट. त्याच वेळी स्वाध्यायाची पानं द्यायचं ठरवलंय. गणिताचं जमेल; माझी खरी काळजी वाचनाची आहे, मुलं जोडाक्षरं विसरायला लागली आहेत.

असं कुणी केलंय का? आईला मराठी वाचता येत नसताना, मूल खरंच वाचतंय हे दोन भेटींच्या मधे तुम्ही कसं तपासलंत?