अनुभव धागा : गल्ल्याची किल्ली कोणाच्या हाती?

बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडी, खडेबाजार, तसेच खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांत ज्यांचे दुकान किंवा लहान कारखाना आहे आणि ज्यांनी आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाला वा मुलीला हाताशी धरून धंदा शिकवला, त्यांच्यासाठी हा धागा आहे. जे स्वतः असे शिकले, त्यांनीही लिहावे. सत्कार-समारंभात सांगण्याजोग्या गोष्टी नकोत. काय जमले आणि काय फसले, ते लिहावे.

धागा काढण्याचे कारण सांगतो. सहकारी पतसंस्थेत ३१ वर्षे मी लहान व्यवसायांची कर्जप्रकरणे पाहिली. अर्ज घेऊन येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांच्या हातात कसब असे. पण महिन्याला भाडे, वीज आणि कच्चा माल धरून किती खर्च येईल, असे विचारले की ते गप्प होत, कारण ज्या दुकानात ते आठ-दहा वर्षे राबले होते तेथे त्यांना हत्यारे मिळाली होती, हिशेबाची वही मात्र कधी दाखवली गेली नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात भावासह सायकलचे दुकान काढले, त्यातून पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडले, हे आपण अभिमानाने सांगतो. जागा सोडावी लागल्यावर १९१० साली तो कारखाना औंध संस्थानातील माळावर गेला, आणि कारखाना जातो तेव्हा शिकणारे हातही त्याच्या मागोमाग जातात, हा त्या गोष्टीचा उरलेला भाग आपण सहसा सांगत नाही. आज पुणे, गोवा आणि बेंगळूरूच्या गाड्यांत बसणारी आपली मुले पाहिली की मला तोच भाग आठवतो.

उद्यमबाग, मशीन शॉप चालवणारे गृहस्थ

माझ्याकडे दोन लेथ आणि एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, यंत्र आहे. शेजारच्या फौंड्रीतून ओतीव नग येतात, आम्ही त्यांचे मशीनिंग करून पुढे देतो. पाच वर्षांपूर्वी मजगाव रस्त्याकडचा एक मुलगा आयटीआय करून आला. आमच्या जुन्या पद्धतीप्रमाणे पहिले सहा महिने त्याने बुरादा झाडला, नगांची धार घासली आणि चहा आणला. मीही असाच शिकलो होतो, त्यामुळे यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही.

सातव्या महिन्यात मी त्याला बोअरिंगवर, म्हणजे नगातले भोक मापात कापण्याच्या कामावर, उभे केले. टूलची झीज भरून काढताना त्याने ऑफसेट, म्हणजे यंत्राला द्यायची मापाची दुरुस्ती, गरजेपेक्षा जास्त दिला आणि ६० नगांचा बोअर दोन शतांश मिलिमीटरने मोठा झाला. माप कमी राहिले असते तर पुन्हा कापता आले असते; वाढलेल्या मापाला उपाय नसतो. मी फार बोललो. रात्री घरी गेल्यावर वाटले की या ६० नगांची किंमत किती, ओतकामाचे पैसे कोण भरणार आणि गिऱ्हाइकाची लाइन थांबली तर आपल्यावर काय येते, यातले काहीच या मुलाला ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने ते केवळ ६० लोखंडाचे तुकडे आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीवर मागे बसवून गिऱ्हाइकाकडे नेले आणि काय झाले ते त्यालाच सांगायला लावले. तो घामाघूम झाला, पण त्याने सांगितले. परत आल्यावर आम्ही दोघांनी बसून एका नगाचा खर्च काढला: वीज, टूल, मजुरी, वाहतूक, बाद होणारा माल. त्या दिवसानंतर मायक्रोमीटर हातात घेण्याची त्याची रीतच बदलली. आज दर काढण्याचे काम तोच करतो, आणि अधूनमधून माझी चूकही काढतो.

फौंड्रीवाल्या मित्रांना एक विनंती आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला भट्टीजवळ किंवा ओतणीच्या वेळी उभे करू नका. धोक्याच्या कामाला त्या वयाची मुले लावणे कायद्यानेच बंद आहे, आणि कायदा नसता तरी वितळलेले लोखंड शिकाऊ आणि जाणता असा भेद करत नाही.

अनगोळ, शिवणकाम करणाऱ्या ताई

आमच्या धंद्यात शिलाई सगळे शिकवतात, कटिंग कोणी शिकवत नाही. मी ज्या बाईंकडे शिकले त्या कापड बेतताना मला काज-बटणाला बसवायच्या किंवा फॉल लावायला आतल्या खोलीत पाठवायच्या. त्यांना दोष देत नाही. कटिंग आले की मुलगी स्वतःचे मशीन घेते आणि गिऱ्हाईक फुटते, ही भीती खरी आहे. मी स्वतः पहिल्या तीन मुलींच्या बाबतीत तेच केले आणि त्या तिघीही लग्न होऊन गेल्यावर मशीनला हात लावत नाहीत, असे कळले. अर्धवट शिकलेले काम माणूस सोडून देतो.

चौथ्या मुलीपासून मी पद्धत बदलली. पहिल्या महिन्यापासून जुन्या साडीवर आणि वर्तमानपत्रावर कटिंग, दर शनिवारी वहीत त्या आठवड्याची जमा आणि उधारी, आणि उधारी मागायला मुलीनेच जायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. ‘ताई, ब्लाउज उसवून पुन्हा शिवते, पण पैसे मागायला पाठवू नका,’ असे एकीने मला रडत सांगितले होते. आमच्याकडे गोकाक आणि बैलहोंगलकडच्या कानडी बोलणाऱ्या बायका पुष्कळ येतात, म्हणून मुलींनी ‘उद्द’ म्हणजे लांबी, ‘अगल’ म्हणजे रुंदी, असे मापाचे शब्द देवनागरीत लिहून भिंतीवर चिकटवले. या भाषेच्या प्रश्नावर सभा पुष्कळ होतात. माझ्या दुकानात तो त्या कागदाने सुटला.

आता त्यांतल्या दोघींची दुकाने याच गल्लीत आहेत. पहिल्या वर्षी माझे काम स्पष्टपणे कमी झाले, हे मी लपवणार नाही. पुढे लग्नसराईत मला न झेपणारी कामे त्यांच्याकडे जाऊ लागली, अस्तर आणि दोरा आम्ही तिघी मिळून घाऊक आणू लागलो, आणि ‘ब्लाउज शिवायचे तर त्या गल्लीत जा’ असे लोक म्हणू लागले. पूर्वी सायंकाळी सातनंतर आमच्या बोळात अंधार असे. आता तीन दुकानांचे दिवे असतात आणि त्या उजेडात क्लासहून परतणाऱ्या मुली निर्धास्त चालतात.

वडगाव, पूर्वीचे मागमालक

थोडक्यात लिहितो. आमच्या घरी चार यंत्रमाग होते. मी दोन मुलांना कांड्या भरण्यापासून ताणा जोडण्यापर्यंत सर्व शिकवले आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर दोन माग भंगारात विकले. सुताचा भाव वाढत होता, साडीचा वाढत नव्हता. ज्या धंद्याला आपण स्वतः मुलगा लावत नाही, त्याला शेजाऱ्याचा मुलगा लावताना आधी त्याला खरे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. दोघांपैकी एक आता हॉटेलात आहे. दुसऱ्याला कापडापेक्षा मागाच्या बिघाडात अधिक रस होता, तो शिलाई आणि भरतकामाची यंत्रे दुरुस्त करतो आणि माझ्याहून बरे कमावतो. ते मी शिकवले नव्हते.

निपाणी, चपला करणारे कारागीर

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीने केलेली शिलाई, घरातल्या बायकांनी घातलेली वेणी, एवढ्या हातांतून एक जोड तयार होतो.

पुतण्या या कामात यायला तयार नव्हता, आणि कारण पैशांचे नव्हते. कातड्याला हात लावणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, हे त्याने शाळेत सोसले होते. त्यावर उपदेश करून उपयोग नव्हता. मी त्याला तळ कापायला सांगितलेच नाही; जोडांचे फोटो काढ, व्यापाऱ्याला न देता थेट गिऱ्हाइकाला पाठव आणि आलेल्या पैशांचा हिशेब तूच ठेव, इतकेच सांगितले. पायाचे माप चुकल्याने पहिल्या दहा जोडांपैकी चार परत आले. मग पायाचा ठसा कागदावर कसा काढायचा, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी त्याला माप शिकावे लागले, मापासाठी साचा शिकावा लागला, आणि आता तो तळही कापतो. धंद्याचे दार पुढूनच असते असे नाही, कोणी परड्यातूनही आत येतो.

खडेबाजार परिसर, किराणा दुकानदार

माझा अनुभव चांगला नाही. विश्वासाने गल्ल्यावर बसवलेल्या मुलाने चार महिन्यांत बरीच रक्कम काढली. मी पोलिसांत गेलो नाही, त्याच्या आईकडे गेलो. तिने विचारले, ‘त्याला पगार किती ठरला होता?’ ठरला नव्हता. ‘शिकतो आहे, देऊ काहीतरी’ असे म्हणून मी सणाला कपडे आणि मधूनमधून दोनशे-पाचशे देत होतो. चोरी ती चोरीच, आणि त्यानंतर मी कोणाला ठेवलेले नाही. तरी जे ठेवतात त्यांनी पहिल्या दिवशी आकडा ठरवून कागदावर लिहावा.

*(धागाकर्त्याची भर : यासाठीच १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि त्यात विद्यावेतन व करार दोन्ही येतात. लहान दुकानाला तो सगळा व्याप झेपत नसेल, पण दोन ओळींचा कागद कोणालाही झेपतो.)*

खानापूर, अर्ज भरून देणारी कार्यकर्ती

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत १८ व्यवसाय आहेत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख कर्ज मिळते. शिंपी, चर्मकार, कुंभार, सुतार, लोहार, नाभिक त्यात बसतात. गोकाकची लाकडी खेळणी करणारेही बसतात. यंत्रमागावरचा विणकर, लेथवरचा कामगार आणि मोबाइल दुरुस्त करणारा बसत नाही. मुले माझ्याकडे येतात ती बहुधा याच शेवटच्या तिघांपैकी असतात. त्यांना मुद्रा कर्जाकडे पाठवावे लागते, आणि तेथे पुन्हा वर धागाकर्त्यांनी लिहिलेला खर्चाचा प्रश्न उभा राहतो. एका लोहारकाम शिकलेल्या मुलाला मी वर्षभर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला लावला आणि मगच अर्ज भरला. तो चिडला होता. मंजुरीनंतर पेढे घेऊन आला, तेव्हाही थोडा चिडलेलाच होता.

बेळगाव, एका मंडळाचा सदस्य

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी आमची मुले पंधरा दिवसांत लोखंडी सांगाडा जोडतात, प्लायवुडचा किल्ला उभारतात, रंग देतात, जनरेटरवर दिव्यांची जोडणी करतात आणि वर्गणीचा पैसा-पैसा लिहितात. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने याच मुलांना ‘रिकामटेकडी’ म्हटले जाते. दोन वर्षांपासून आम्ही गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या काकांना, सुतारमामांना आणि इलेक्ट्रिशियनला त्या पंधरा दिवसांत मंडपात बोलावतो. कोणाचा हात चांगला चालतो ते त्यांना तेथेच दिसते. आतापर्यंत पाच जणांना काम लागले आणि त्यांतल्या दोघांनी सोडले. सोडणाऱ्यांचे म्हणणे असे की मंडपात त्यांना नाव होते, दुकानात ‘ए पोरा’ होते.

टिळकवाडी, मोबाइल दुरुस्ती करणारा तरुण

मी शिकलेला आहे, शिकवणारा नाही. उस्तादांकडे सहा वर्षे होतो. स्क्रीन बदलणे कोणालाही येते. बोर्डावरचा आयसी, म्हणजे बारीक चिप, काढून बसवणे त्यांनी मला रात्री दुकान बंद झाल्यावर, निकामी बोर्डांवर शिकवले. गल्ल्याची किल्ली मात्र त्यांनी कधी दिली नाही. एखादा सुटा भाग कितीला येतो आणि गिऱ्हाइकाला कितीला लागतो, हे मला पार्सलच्या पावत्यांवरून चोरून पाहावे लागले.

मी समोरच्या रांगेत दुकान काढले तेव्हा ते उद्घाटनाला आले नाहीत. चौदा महिने त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. रस्ता जेमतेम वीस फुटांचा आहे, त्यामुळे रोज सकाळी शटर उघडताना आमची नजरानजर होई आणि मी नमस्कार करी, ते कुलूप पाहत राहत. पुढे त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि सूक्ष्मदर्शकाखालचे काम त्यांना जमेनासे झाले. एके दिवशी एक अनोळखी मुलगा माझ्याकडे पुडी घेऊन आला. आत एक बोर्ड होता आणि उस्तादांच्या अक्षरात बिघाड लिहिलेली चिठ्ठी होती, बाकी काही नाही. मी काम केले आणि पैसे न लावता परत पाठवले. तासाभराने तोच मुलगा पैसे घेऊन आला, मोजून निम्मे, आणि सोबत दुसरा बोर्ड.

तेव्हापासून असेच चालले आहे. पुडी आणणारा तो मुलगा सोळा वर्षांचा आहे, शाळा सुटल्यावर दोन तास त्यांच्याकडे बसतो. परवा तो पुडी देऊन गेला नाही, तेथेच उभा राहिला. ‘काय रे?’ म्हटले. तो म्हणाला, ‘उस्तादांनी सांगितले आहे, काम बघून ये, आणि भाग कितीला आला तेही विचारून ये.’