एकट्या डेव्हलपरनं सबस्क्रिप्शनच्या फंदात पडू नये

अर्धविराम (धागाकर्ता)
एकट्यानं डेस्कटॉप अ‍ॅप बनवून विकणाऱ्याला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'सबस्क्रिप्शन लाव'. अडोबीनं २०१३ साली क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या थांबवून फोटोशॉपसारखी अ‍ॅप्स वर्गणीवर नेली, तेव्हापासून हाच राजमार्ग समजतात. अडोबीकडे बिलिंगला वेगळी माणसं आहेत; इथे सगळं एकाच डोक्यावर. कार्डाची मुदत संपते, पैसे वळते होत नाहीत, मध्येच प्लॅन बदलला की उरलेल्या दिवसांचा हिशोब करावा लागतो. प्रत्येकासाठी कोड, प्रत्येकासाठी ईमेल.

एकरकमी परवाना साधा असतो. ग्राहकाचा ईमेल आणि 'अपडेट अमुक तारखेपर्यंत' एवढाच मजकूर, त्यावर एड२५५१९ या पद्धतीची डिजिटल सही. सही करणारी प्रायव्हेट की आपल्याकडे, ती पडताळणारी पब्लिक की अ‍ॅपमध्ये. तपासणी ग्राहकाच्याच मशीनवर होते, सर्व्हर लागत नाही. तारीख मात्र संगणकाच्या घड्याळाशी पडताळू नका, लोक घड्याळ मागे करतात. अ‍ॅपच्या बिल्डची (बनवून दिलेल्या आवृत्तीची) तारीख परवान्यातल्या तारखेशी ताडा. बिल्ड नंतरचा असेल तर चालणार नाही, जुना कायम चालेल.

रिकामा_लूप
असहमत. काम एकरकमी संपत नाही हो! ऑपरेटिंग सिस्टीम दरवर्षी काहीतरी मोडते, साइनिंग सर्टिफिकेटचं (अ‍ॅप आपलंच असल्याच्या दाखल्याचं) नूतनीकरण असतं, पाच वर्षांपूर्वी पैसे दिलेला ग्राहक आजही सपोर्ट मागतो. तो खर्च नवीन विक्रीतून भागवायचा म्हणजे विक्री मंदावली की अ‍ॅप मेलं.

आकडेच घ्या. एकरकमी किंमत मासिक हप्त्याच्या १२ पट धरू. दरमहा ५% ग्राहक गळत (वर्गणी सोडत) असतील तर सरासरी ग्राहक २० हप्ते देतो (१०० भागिले ५). म्हणजे १२ च्या जागी २०.

शून्याधारित
गणित बरोबर, गृहीतक कच्चं. गळती १०% झाली की हप्ते उरतात १०, आणि एकरकमी पुढे जातं. बरोबरी होते ती साधारण ८.३% वर. शिवाय गळती सपाट नसते. पहिल्या एक-दोन महिन्यांत धबाधबा, मग संथ. एका महिन्याच्या आकड्यावरून सरासरी काढली की फसगत ठरलेली.

दुसरं, पेमेंट गेटवे (कार्डावरून पैसे वळते करणारी सेवा) टक्क्यांसोबत प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कमही कापतो. मासिक हप्त्यात ती वर्षाला १२ वेळा जाते, वार्षिकमध्ये एकदाच. हप्ता लहान असेल तर हीच कपात टक्क्यांपेक्षा जड पडते. वर्गणी लावायचीच तर वार्षिक लावा.

वेबहुकवाला
बिलिंगचा बागुलबुवा मात्र उगाच केलाय. नियम तीनच.

वेबहुक (काही घडलं की गेटवे आपल्या सर्व्हरला पाठवतो तो निरोप) आला की आधी सही तपासा, तीही कच्च्या बॉडीवर, म्हणजे मजकूर आला तसाच धरून. फ्रेमवर्कनं तो जेसन मजकूर वाचून (पार्स करून) पुन्हा लिहिला की एखादी स्पेस बदलते आणि सही जुळत नाही. निम्मे लोक इथेच अडकतात. मग इव्हेंटचा (त्या निरोपाचा) आयडी डेटाबेसच्या युनिक कॉलममध्ये टाका, पुन्हा आला तर २०० ('मिळालं' असं उत्तर) देऊन सोडून द्या. आणि इव्हेंटमधल्या मजकुरावर विसंबू नका. इव्हेंट क्रमानं येतीलच असं नाही, 'रद्द' आधी आणि 'नूतनीकरण' नंतर येऊ शकतं. तो फक्त 'काहीतरी बदललं' असा निरोप समजा आणि सद्यस्थिती थेट गेटवेला, म्हणजे त्याच्या एपीआयला, विचारा.

पैसे वळते झाले नाहीत तर लगेच कुलूप लावू नका. आठवडाभर मुदत द्या, त्यात दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न करा. बरीच 'गळती' ही मुळात संपलेली कार्डं असतात.

अर्धविराम (धागाकर्ता)
तीन नियम म्हणता म्हणता पाच झाले :) माझा मुद्दा तोच होता.

रिकामा_लूप, जुन्या ग्राहकाचा खर्च मान्य. म्हणून तर अपडेटची तारीख आहे: वर्षभर अपडेट आणि सपोर्ट, पुढे हवं असेल तर परत पैसे. प्रोग्रामरांची साधनं विकणाऱ्या जेटब्रेन्सनं वर्गणीतही हे केलंय. १२ महिने सलग पैसे भरले की त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची.

रिकामा_लूप
मग ती वर्गणीच झाली की, नाव वेगळं! आणि सिंक (सगळ्या मशीनवर तोच डेटा) हवं असेल तर? डेटा तुमच्या सर्व्हरवर असेल तर दरमहा डिस्क आणि बॅकअपचं बिल येतं, ते एकदाच घेतलेल्या पैशांतून कसं भागणार?

शून्याधारित
सर्व्हर असेल तर वर्गणी, इथे वाद नको. फक्त बिल टाळण्यासाठी एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल ग्राहकाच्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवायचा 'जुगाड' करू नका. त्याच्या वॉल मोडमध्ये (बदल आधी लॉगमध्ये लिहायची पद्धत) ताजे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. सिंकवाला दोन्ही एकाच क्षणाच्या उचलेल याची हमी नाही, मग दुसऱ्या मशीनवर अर्धवट किंवा बिघडलेला डेटाबेस पोचतो. त्यापेक्षा प्रत्येक मशीननं आपल्या बदलांची स्वतंत्र फाइल लिहावी, दुसऱ्याच्या फाइलीला हात लावू नये, फक्त वाचावी.

वेबहुकवाला
धागाकर्त्याच्या परवान्यात एक भोक राहिलंय. ग्राहकानं पैसे परत घेतले तरी सही वैधच राहते. रद्द परवान्यांची यादी पुढच्या बिल्डमध्ये घालावी लागेल, आणि जुना बिल्ड तरीही चालतच राहील.

अर्धविराम (धागाकर्ता)
चालू दे. त्याच्यासाठी सर्व्हर उभा करणं महाग पडेल.